लघवीच्या स्लाईडवर कॅन्सरची पेशी: काय दिसतं, काय दिसत नाही

काचपट्टी

आरोग्याच्या दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी युरिन रिपोर्टचा फोटो टाकून विचारलं होतं की एपिथेलियल सेल्स ४-६ आल्यात, कॅन्सर तर नाही ना. खाली लिंबूपाण्यापासून बायोप्सीपर्यंत सगळे सल्ले होते. तिथे लिहायला बसले तर फारच लांबलं म्हणून वेगळा धागा काढतेय. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, जिल्ह्याच्या गावी असते, युरिन सायटोलॉजी, म्हणजे लघवीतल्या पेशी रंगवून कॅन्सरसाठी बघायची तपासणी, माझ्याकडे नियमित येते.

पहिली गोष्ट, आपण एरवी करतो ती युरिन रुटीन आणि युरिन सायटोलॉजी या वेगवेगळ्या तपासण्या आहेत. रुटीनला लघवी सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवतात, तळाशी बसलेला गाळ न रंगवता तसाच काचेवर घेतात आणि रक्तपेशी किती, पस सेल्स किती, क्रिस्टल्स आहेत का एवढं बघतात. एपिथेलियल सेल्स म्हणजे अस्तरावरून गळून आलेल्या पेशी, बायकांच्या सँपलमध्ये तर योनीमार्गाच्या पेशीही मिसळतात, त्या थोड्याफार सगळ्यांनाच असतात. न रंगवलेल्या पेशीचा न्यूक्लियस (केंद्रक) नीट वाचताच येत नाही, त्यामुळे त्या ४-६ वरून कॅन्सर आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही नाही. रुटीनमध्ये लक्ष द्यायचं ते आरबीसीकडे, म्हणजे लाल रक्तपेशींकडे. लघवी दिसायला स्वच्छ पिवळी असली तरी हाय पॉवर फील्डला (मोठ्या भिंगातून एका वेळी दिसतो तेवढा भाग) ३ किंवा जास्त रक्तपेशी आल्या आणि इन्फेक्शन, पाळी असं काही कारण नसेल तर पुढे तपास करायला हवा, वय चाळिशीच्या पुढे आणि विडी-सिगारेट असेल तर नक्कीच.

सायटोलॉजीत पेशी काचेवर पसरून, ओली असतानाच अल्कोहोलमध्ये फिक्स करून पॅप पद्धतीने रंगवतात. गर्भाशयमुखाच्या तपासणीमुळे पॅप नाव सगळ्यांना माहीत असतं, त्याच पापानिकोलाऊंनी मार्शल यांच्याबरोबर १९४५ साली लघवीतल्या कॅन्सर पेशींवर पेपर लिहिला होता. त्याच्याही आधी, १८५६ मध्ये, प्रागच्या लांबल यांनी लघवीत गाठीच्या पेशी बघून लिहून ठेवलं होतं (जिआर्डिया लांब्लिया वाले लांबल ते हेच). म्हणजे पद्धत जुनी आहे, आणि अजूनही तिला पूर्ण पर्याय मिळालेला नाही.

आता स्लाईडवर काय बघतो ते. मूत्राशयाच्या अस्तराचा सगळ्यात वरचा थर असतो अंब्रेला सेल्सचा. या चांगल्या मोठ्या पेशी, न्यूक्लियसही मोठा, बऱ्याचदा एकात दोन किंवा जास्त, नवीन माणूस घाबरतो. पण न्यूक्लियसभोवती सायटोप्लाझम (पेशीतला बाकीचा भाग) भरपूर असतं, न्यूक्लियसची कड गुळगुळीत असते, आतलं क्रोमॅटिन (जनुकांचं द्रव्य) बारीक आणि सारखं पसरलेलं असतं. हाय ग्रेड, म्हणजे जहाल, वेगाने वाढणाऱ्या कॅन्सरची पेशी याच्या उलट. पेशीचा बहुतेक भाग न्यूक्लियसनेच व्यापलेला, सायटोप्लाझमची नुसती किनार उरलेली, तीही एका बाजूला. न्यूक्लियस गडद, कधीकधी अगदी शाईचा ठिपका पडावा इतका काळा, कड वाकडीतिकडी, कुठे खाच पडलेली, आणि क्रोमॅटिन जाड रव्यासारखं दाणेदार, मध्येमध्ये मोकळ्या जागा सोडलेलं.

आधी हे सगळं ज्याच्या त्याच्या नजरेवर होतं, एकाच स्लाईडला एक पॅथॉलॉजिस्ट अटिपिकल (वेगळी वाटते, पण नक्की कॅन्सर म्हणता येत नाही) म्हणायचा, दुसरा निगेटिव्ह. २०१३ च्या पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय सायटोलॉजी काँग्रेसमध्ये यावर चर्चा झाली आणि त्यातून २०१६ साली पॅरिस सिस्टिम आली, दुसरी आवृत्ती २०२२ ला. त्यात न्यूक्लियस आणि सायटोप्लाझमच्या प्रमाणाला आकडा दिलाय. न्यूक्लियसने पेशीचा ०.७ किंवा जास्त भाग व्यापला असेल, गडदपणा असेल, कड वेडीवाकडी असेल, क्रोमॅटिन जाड असेल आणि अशा पेशी पुरेशा असतील, साधारण ५ ते १० तरी, तर हाय ग्रेड युरोथेलियल कार्सिनोमा (मूत्राशयाच्या अस्तराचा कॅन्सर) म्हणायचं. लक्षणं तीच पण पेशी कमी असतील तर सस्पिशियस. प्रमाण ०.५ च्या वर आणि बाकीच्यातलं एखादंच लक्षण असेल तर अटिपिकल. यातलं काहीच नसेल तर निगेटिव्ह फॉर हाय ग्रेड.

हे "फॉर हाय ग्रेड" तीन शब्द रिपोर्ट वाचताना कुणीही गाळू नका. लो ग्रेडच्या, म्हणजे हळू वाढणाऱ्या, गाठीतल्या पेशी नॉर्मल पेशींसारख्याच दिसतात, स्लाईडवरून त्या वेगळ्या काढणं बहुतेक वेळा शक्यच नसतं. मूत्राशयात चांगली मोठी लो ग्रेड गाठ असते आणि सायटोलॉजी निगेटिव्ह येते, त्यात लॅबची चूक नसते. हे सांगायलाच खरं तर धागा काढला.

पुरणपोळी_प्रेमी

माहितीपूर्ण! रुटीन आणि सायटोलॉजी वेगळ्या असतात हे आज कळलं, मला वाटायचं सायटो म्हणजे महागडं रुटीन. वाचखूण साठवली आहे.

खानदेशी_पोरगा

ताई अगदी वेळेवर धागा आला. आमचे अण्णा ६६ वर्षांचे, तरुणपणापासून विडी. दिवाळीनंतर एकदा लघवी पूर्ण लाल झाली, दुखलं नाही काही नाही, दुसऱ्या दिवशी आपोआप साफ. गावातल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी सांगितली ती नॉर्मल, सायटोलॉजी केली ती निगेटिव्ह फॉर हाय ग्रेड असंच लिहून आलंय, मग डॉक्टर म्हणाले गरमीने झालं असेल पाणी जास्त प्या. अण्णा तर म्हणतात आता थांबलंय ना मग कशाला उकरून काढता. आम्ही पण तेवढ्यावरच थांबलो होतो. आता काय करू?

काचपट्टी

@खानदेशी_पोरगा, युरॉलॉजिस्टकडे न्या आणि दुर्बिणीची तपासणी करून घ्या, म्हणजे सिस्टोस्कोपी, शक्य तितक्या लवकर. न दुखता एकदा लालभडक लघवी झाली आणि आपोआप थांबली, हे मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये अगदी नेहमी ऐकायला मिळतं. गाठीतून रक्त येतं-जातं, मध्ये महिनोनमहिने काही नसतं, म्हणून थांबलं म्हणजे बरं झालं असं धरायचं नाही. सोनोग्राफीत छोटी गाठ सुटू शकते, सपाट असेल तर सुटतेच. आणि सायटोलॉजीचं वर लिहिलंच आहे.

अण्णांना काही असेलच असं नाही, खडा असेल, प्रोस्टेटचं असेल. पण विडी ओढणाऱ्या ६६ वर्षांच्या माणसाच्या लघवीतून रक्त आलं तर आतून बघितल्याशिवाय कुणीही त्यांना ठीक आहे म्हणू नये. धुरातली घातक रसायनं रक्तातून किडनीत जातात, लघवीत उतरतात आणि लघवी मूत्राशयात तासन्तास साठून राहते, तेवढा वेळ अस्तर त्यात भिजत असतं. मूत्राशयाच्या कॅन्सरचे निम्म्याच्या आसपास रुग्ण तंबाखूच्या धुरामुळे होतात. लोकांना विडीने फुफ्फुस खराब होतं हे माहीत असतं, हे माहीत नसतं.

लॅबवाली

मी डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून बारा-तेरा वर्षं याच कामात आहे, सँपल घ्यायचं काम माझंच असतं, तर पेशंटच्या बाजूने चार गोष्टी सांगते. रुटीनसाठी आपण सकाळची पहिली लघवी आणा म्हणतो, सायटोलॉजीला तीच नको असते. रात्रभर पिशवीत साठलेल्या लघवीत पेशी कुजून गेलेल्या असतात. सकाळी उठून पहिली लघवी करून टाकायची, ग्लास-दोन ग्लास पाणी प्यायचं, थोडं चालायचं, मग दुसरी जी होईल ती द्यायची आणि पूर्ण द्यायची, कमीत कमी ५० मिली तरी, आमच्याकडे लोक रुटीनच्या डबीत तळाला चमचाभर आणतात त्यात काय पेशी मिळणार. शक्यतो लॅबमध्येच येऊन करा. घरून आणायची असेल तर लगेच आणा, वेळ लागणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा पण फ्रीझरमध्ये नको. काही लॅब अल्कोहोल घातलेली बाटली देतात ती आधी मागून घ्या. लागोपाठ तीन दिवस तीन सँपल सांगितली असतील तर तिन्ही द्या, एकाच दिवशी तीन डब्या भरून आणू नका.

विदर्भवीर

@लॅबवाली, हे तर उलटच झालं. आमच्याकडे मोठ्या लॅबच्या माणसाने घरी येऊन सकाळची पहिली लघवीच नेली होती, तिच्यात पेशी सगळ्यात जास्त असतात म्हणाला. कोणाचं खरं मानायचं?

लॅबवाली

पेशी जास्त असतात हे खरं आहे दादा, पण कुजलेल्या जास्त. मला स्लाईड लावताना दिसतं ना, पहिल्या लघवीच्या स्लाईडवर गर्दी असते आणि मॅडम म्हणतात एकही धड नाही. बाकी मॅडमच सांगतील.

काचपट्टी

लॅबवाली ताईंना पूर्ण अनुमोदन. पेशी कुजायला लागली की न्यूक्लियस आकसतो आणि काळा पडतो, क्रोमॅटिन फासल्यासारखं होतं, सायटोप्लाझममध्ये पोकळ्या येतात किंवा ते झडून जातं. सायटोप्लाझम झडलं की न्यूक्लियसचं प्रमाण आपोआप वाढलेलं दिसतं! म्हणजे कॅन्सरच्या ज्या खुणा आम्ही शोधतो त्यातल्या दोन कुजल्यामुळेच तयार होतात. मग एकतर पेशंटला उगाच अटिपिकलचा शिक्का बसतो, नाहीतर खरी कॅन्सरची पेशी असून तिच्यावर बोट ठेवता येत नाही. स्लाईड अल्कोहोलमध्ये जायच्या आधी वाळली तरी तेच, पेशी काचेवर पसरते आणि न्यूक्लियस फुगलेला दिसतो. मी चांगल्या मायक्रोस्कोपपेक्षा चांगला टेक्निशियन मागेन, कधीही.

आणखी एक, हे डॉक्टर मंडळींसाठी. फॉर्मवर नुसतं "युरिन सायटो" लिहून पाठवू नका हो. लघवी स्वतः केलेली की कॅथेटरमधून की दुर्बीण घालून धुऊन काढलेली, खडा आहे का, आधी गाठ काढली आहे का, मूत्राशयात औषध सोडलंय का, किडनी ट्रान्सप्लांट आहे का. नळी किंवा खडा अस्तरावर घासला की पेशींचे झुपकेच्या झुपके सुटून येतात आणि ते हुबेहूब पॅपिलरी (बोटांसारख्या वाढणाऱ्या) गाठीच्या तुकड्यांसारखे दिसतात. फॉर्मवर एक ओळ असली तर मी त्याच झुपक्याकडे वेगळ्या नजरेने बघते.

पीजी_सेकंड_इयर

मॅडम धागा फार आवडला, आमच्याकडे सायटोचं पोस्टिंग नुकतंच सुरू झालंय. डिकॉय सेलने (व्हायरसमुळे कॅन्सरसारखी दिसणारी पेशी) मला पुरतं हैराण केलंय. न्यूक्लियस मोठा, काळा, एनसी रेशो (न्यूक्लियस-सायटोप्लाझमचं प्रमाण) जास्त, सगळं हाय ग्रेडसारखंच, आणि सर मात्र लांबूनच बघून सांगतात की हा व्हायरस आहे. त्यांना कशावरून कळतं?

काचपट्टी

@पीजी_सेकंड_इयर, छान प्रश्न. न्यूक्लियसच्या आत बघ, कडेवर थांबू नकोस. पॉलिओमा व्हायरसने भरलेला न्यूक्लियस एकसारखा धुरकट, सपाट असतो, फाईन अ‍ॅडजस्टमेंट फिरवून फिरवून फोकस केलास तरी आत दाणा सापडत नाही, आणि कड बहुधा पूर्ण गोल, गुळगुळीत. कॅन्सरच्या न्यूक्लियसमध्ये फोकस वरखाली केलास की दाणे दिसतात-लपतात, कड कुठेतरी मोडलेली असते. डिकॉय सेल सुटीसुटी असते, कधी एका बाजूला सायटोप्लाझमचं शेपूट असतं. ट्रान्सप्लांटच्या पेशंटमध्ये दिसल्या तर नेफ्रॉलॉजिस्टला कळवायलाच हवं, त्या पॉलिओमांतला बीके व्हायरस बळावला तर नवीन किडनी धोक्यात येते. (१९७१ मध्ये ज्या ट्रान्सप्लांट पेशंटच्या लघवीत तो पहिल्यांदा सापडला त्याची आद्याक्षरं बीके, त्यावरून नाव.) पण एकाच स्लाईडवर डिकॉय आणि खरा कॅन्सर दोन्ही असू शकतात, म्हणून एक सापडला की उरलेली स्लाईड सोडून द्यायची नाही.

अजून एक फसवणारी पेशी सांगते. म्हाताऱ्या पुरुषांच्या लघवीत कधी कधी सेमिनल व्हेसिकलची (वीर्यातला द्रव बनवणारी ग्रंथी) पेशी येते, न्यूक्लियस भला मोठा, काळा, वाकडा, बघताक्षणी पोटात गोळा येतो. सायटोप्लाझममध्ये सोनेरी-तपकिरी पिगमेंटचे कण शोध. ते दिसले, आजूबाजूला स्पर्म दिसले, की प्रश्न सुटला.

आणि मोजायला सवय लाव. शेजारी आरबीसी पडलेली असतेच, ती साधारण ७ मायक्रॉनची, तीच आपली पट्टी. नुसतं "मोठा वाटतो" म्हणून लिहू नये.

गुहागरकर

थोडं अवांतर पण विषयाला धरून आहे. लहानपणी घरात ऐकलं होतं की आमच्या तालुक्यातल्या गिमवी गावात पूर्वी लोकांच्या लघवीतून रक्त जायचं आणि मुंबईहून डॉक्टर तपासायला आले होते. ते काय होतं? त्याचा कॅन्सरशी संबंध आहे का?

काचपट्टी

@गुहागरकर, अवांतर मुळीच नाही, उलट तुम्ही आठवण काढलीत याचा फार आनंद झाला. गिमवी भारताच्या वैद्यकीय इतिहासात नोंदलेलं गाव आहे. १९५२ साली गाडगीळ आणि शहा यांनी तिथे शिस्टोसोमा या कृमीची लागण स्थानिक पातळीवर होत असल्याचं प्रसिद्ध केलं, आपल्या देशात हा रोग नाही असंच तोवर धरलं जायचं. पाण्यातल्या छोट्या गोगलगायीतून तो कृमी माणसाच्या कातडीतून आत शिरतो, त्याची अंडी मूत्राशयाच्या भिंतीत अडकतात आणि लघवीतून रक्त जातं. लघवीच्या गाळात अंडं दिसतं, लांबट आणि एका टोकाला काटा. इजिप्तमध्ये या कृमीने पिढ्यान्पिढ्या लोकांना मूत्राशयाचा कॅन्सर झाला, आणि तो आपल्याकडच्यासारखा युरोथेलियल नाही तर स्क्वॅमस (त्वचेसारख्या चपट्या पेशींचा), त्याच्या पेशी वेगळ्या, पॅपमध्ये केशरी रंग घेणाऱ्या, लांबुडक्या, चित्रविचित्र आकाराच्या. रोग लांबला की भिंतीची जळजळ वर्षानुवर्षं चालू राहते आणि अस्तरच बदलत जातं.

माइनकाठ

गुहागरचा विषय निघालाय तर फ्रँकफुर्टचं पण लिहितो, मी इथे जवळच राहतो. १८९५ मध्ये इथल्या लुडविग रेन नावाच्या सर्जनने दाखवून दिलं की फुक्सिन रंग बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होतायत. पुढच्याच वर्षी याच माणसाने जखमी हृदयाला यशस्वी टाका घातला, त्याच्यासाठी तो जास्त प्रसिद्ध आहे. पण मला पहिलं काम मोठं वाटतं. नंतर १९३८ च्या सुमारास अमेरिकेत ह्यूपरने बीटा नॅफ्थिलअमाइन हे रंगधंद्यातलं रसायन देऊन कुत्र्यांमध्ये त्याच गाठी करून दाखवल्या. रंग, रबर या धंद्यांत काम केलेल्यांनी डॉक्टरला आपलं काम सांगायलाच पाहिजे, निवृत्त होऊन वीस वर्षं झाली असली तरी.

काचपट्टी

@माइनकाठ +१. हे फॉर्मवर कुणीच लिहीत नाही. रंगाच्या कारखान्यात किंवा रबरात काम केलेलं असेल तर स्वतःहून सांगा, विचारायची वाट बघू नका.

मुळशीची_माया

बायकांचं पण लिहा ना ताई. माझ्या मावशीला वर्षभर लघवीतून रक्त जायचं, दरवेळी इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक देत राहिले, कल्चर एकदाही केलं नाही. शेवटी दुसरीकडे दाखवलं तेव्हा गाठ स्नायूपर्यंत गेलेली निघाली.

काचपट्टी

वाईट वाटलं वाचून. हा आजार पुरुषांना बायकांच्या तिप्पट-चौपट होतो, म्हणून बायकांच्या बाबतीत कुणाच्या डोक्यातच येत नाही, आणि इन्फेक्शन त्यांना खरंच जास्त होतं, त्यामुळे वेळ जातो. कल्चरमध्ये जंतू नसतील किंवा औषधाचा कोर्स पूर्ण होऊनही लघवीत रक्त राहिलं असेल तर तिसऱ्यांदा अँटिबायोटिक घेऊ नका, युरॉलॉजिस्टकडे जा. बायका अंगावर काढतात, पाळीचंच असेल म्हणतात. पाळी बंद झालेल्या बाईने तर एक दिवसही काढू नये.

चोखंदळ

एक प्रामाणिक शंका. निगेटिव्ह आली तर भरवसा नाही, दुर्बीण करावीच लागणार, पॉझिटिव्ह आली तरी दुर्बीण आणि बायोप्सी करावीच लागणार. मग सायटोलॉजी करायचीच कशाला? पेशंटचे पैसे वाचतील.

काचपट्टी

@चोखंदळ, रास्त शंका आहे. कारण दुर्बिणीला न दिसणारा कॅन्सर सायटोलॉजीला दिसतो. कार्सिनोमा इन सिटू म्हणतात तो, हाय ग्रेड पण सपाट, अस्तरावर पसरलेला, गाठ म्हणून उंच येतच नाही. साध्या पांढऱ्या उजेडात युरॉलॉजिस्टला थोडा लालसर डाग दिसतो किंवा काहीच दिसत नाही. तो सोडला तर पुढे भिंतीत घुसतो. पण त्याच्या पेशी एकमेकींना धरून राहत नाहीत, सहज सुटून लघवीत येतात, आणि हाय ग्रेड असल्यामुळे स्लाईडवर उठून दिसतात. हाय ग्रेड असा रिपोर्ट सायटोलॉजीने दिला तर तो ९० टक्क्यांहून जास्त वेळा खरा निघतो. अशा वेळी मूत्राशयात काही दिसलं नाही तरी युरॉलॉजिस्ट तिथे थांबत नाहीत, रँडम बायोप्सी घेतात, युरेटर (किडनीतून मूत्राशयात येणारी नळी) आणि किडनीचा भाग तपासतात. दुर्बीण लो ग्रेडच्या गाठी पकडते, सायटोलॉजी सपाट हाय ग्रेड पकडते, एकीने दुसरीची जागा घेता येत नाही. फिश नावाची क्रोमोसोमची तपासणीही आहे, ३, ७, १७ नंबरचे क्रोमोसोम आणि ९ चा एक तुकडा बघतात, अटिपिकलमध्ये अडकलं की उपयोगी पडते पण महाग आहे आणि सगळीकडे होत नाही.

साताऱ्याचे_तात्या

माझी गाठ काढून झाली, हाय ग्रेड होती पण स्नायूत गेली नव्हती. सहा आठवडे बीसीजी मूत्राशयात सोडलं, आता दर तीन महिन्यांनी दुर्बीण आणि सायटोलॉजी. टीबीची लस कॅन्सरला कशी चालते हे अजून मला कोणी नीट सांगितलं नाही. आणि बीसीजीनंतर माझा एक रिपोर्ट अटिपिकल आला होता, झोप उडाली होती घरच्यांची.

काचपट्टी

तात्या, बीसीजी म्हणजे जिवंत पण कमजोर केलेले जंतू. ते अस्तराला चिकटतात, शरीराची प्रतिकारशक्ती तिथे धावून येते आणि जंतूंबरोबर कॅन्सरच्या पेशीही मारते. कॅनडातल्या मोरालेस यांनी १९७६ मध्ये ही पद्धत पहिल्यांदा प्रसिद्ध केली, सहा आठवड्यांचा कोर्स तेव्हापासूनचा. आपल्या पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट मूत्राशयासाठीचं बीसीजी बनवते, हे बऱ्याच पुणेकरांनाही माहीत नसतं.

उपचारानंतर मूत्राशय काही काळ सुजलेलं, लाल असतं. लघवीत पस सेल्स, हिस्टिओसाइट्स, कधी जायंट सेल्स अशा सुजेच्या पेशी येतात आणि चिडलेल्या नॉर्मल पेशींचे न्यूक्लियस मोठे दिसतात, ठळक न्यूक्लिओलस (केंद्रकातला ठिपका) येतो. पण त्यांची कड सरळ असते, क्रोमॅटिन बारीक राहतं. त्या गर्दीत एखादी पेशी दोन्हींच्या मध्ये पडली की पॅथॉलॉजिस्ट अटिपिकल लिहितो, म्हणजे "मला खात्रीने कॅन्सर म्हणता येत नाही आणि पूर्ण सोडूनही देता येत नाही." बऱ्याच वेळा पुढचं सँपल स्वच्छ येतं. पण बीसीजीनंतरचा लाल डाग सुजेचा की सपाट कॅन्सरचा हे दुर्बिणीत ओळखणं अवघड असतं, म्हणून तुमच्यासारख्यांची सायटोलॉजी चुकवायची नाही, सगळं ठीक वाटत असलं तरी. लॅबला फॉर्मवर बीसीजीची शेवटची तारीख लिहून द्या, डॉक्टर विसरले तर तुम्ही स्वतः लिहा. आणि जमलं तर एकाच लॅबला द्या, तुमच्या जुन्या स्लाईड्स शेजारी ठेवून बघता येतात.

साताऱ्याचे_तात्या

तारीख लिहायचं कधी सुचलं नव्हतं. पुढच्या वेळेपासून लिहिणार. आभारी आहे.

खानदेशी_पोरगा

धागा वर काढतोय. अण्णांना घेऊन जळगावला युरॉलॉजिस्टना दाखवलं. त्यांनी सीटी सांगितलाय आणि पुढच्या सोमवारी दुर्बीण ठरलीये. एक राहिलं, अण्णांना दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट टाकलाय, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत. घरात एक जण म्हणतोय की रक्त त्या गोळ्यांनीच आलं असणार, दुर्बीण कॅन्सल करा, आणि दुसरा म्हणतोय गोळ्या आजपासून बंद करा.

काचपट्टी

दोन्ही नको. दुर्बीण कॅन्सल करू नका. पातळ गोळ्या घेणाऱ्याच्या लघवीतून रक्त आलं तरी तपासणी बाकीच्यांइतकीच पूर्ण करायची असते, कारण गोळीने रक्त जास्त वाहतं, पण बऱ्याचदा वाहायला आत काहीतरी असतं म्हणून वाहतं. आणि गोळ्या स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका, स्टेंटवाल्यांना त्यात जिवाचा धोका असतो. आजच युरॉलॉजिस्टच्या ओपीडीत फोन करून स्टेंट कधी टाकला, गोळ्यांची नावं आणि डोस कळवा, हृदयाच्या डॉक्टरांचा नंबरही द्या, ते दोघं बोलून ठरवतील. नुसतं बघायचं असेल तर बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनच दुर्बीण होते, गाठ काढायची वेळ आली तर वेगळा विचार करतात. क्रिएटिनिनचा (किडनीसाठीची रक्ततपासणी) ताजा रिपोर्ट पण बरोबर ठेवा, सीटीच्या इंजेक्शनच्या आधी तो मागतात. आणि त्यांना विचारा की दुर्बिणीच्या वेळी मूत्राशय धुऊन सायटोलॉजीला पाठवणार का. पाठवणार असतील तर फॉर्मवर विडी आणि आधीचा निगेटिव्ह रिपोर्ट दोन्ही लिहायला सांगा.

खानदेशी_पोरगा

फोन केला. गोळ्या चालू ठेवायला सांगितल्यात, क्रिएटिनिन उद्या सकाळी देतोय. सोमवारनंतर इथेच लिहितो.